आपल्या फुटबॉल क्लबचं स्थापना-वर्ष कसं शोधावं, कसं लिहावं: सांगली-साताऱ्याच्या मंडळांसाठी

अमृतमहोत्सवाची स्मरणिका काढायची ठरली की पहिला वाद मुखपृष्ठावरच्या आकड्यावरून होतो. एक म्हणतो १९४८, दुसरा म्हणतो १९५२, आणि नोंदणीच्या दाखल्यावर १९७४ असतं. बहुतेक वेळा तिघंही खरं बोलत असतात. ते तीन वेगवेगळ्या घटनांबद्दल बोलत आहेत, एवढंच. म्हणून कागद शोधायला लागण्याआधी 'स्थापना' म्हणजे आपण नेमकं काय मोजतो आहोत, हे ठरवून घ्या. जगातल्या जुन्याजाणत्या क्लबांनाही हे ठरवताना घाम फुटला आहे.

एका क्लबच्या पाच तारखा

कुठल्याही क्लबच्या जन्मात निदान पाच वेगळ्या घटना असतात: पोरांनी एकत्र खेळायला सुरुवात केली ती वेळ, बैठक घेऊन नाव आणि पदाधिकारी ठरले तो दिवस, बाहेरच्या संघाशी पहिला सामना, स्पर्धेत किंवा संघटनेत पहिला प्रवेश, आणि सरकारदरबारी नोंदणी. वहीच्या एका पानावर हे पाच रकाने आखा आणि हातात येणारी प्रत्येक तारीख त्यातल्या योग्य रकान्यातच टाका. निम्मे वाद इथेच मिटतात.

बार्सिलोनाचं उदाहरण घ्या. हान्स गॅम्पर या स्विस तरुणाने 'लॉस देपोर्तेस' या क्रीडापत्रात खेळाडू हवेत अशी सूचना दिली ती २२ ऑक्टोबर १८९९ ला. बैठक भरली २९ नोव्हेंबर १८९९ ला, सोले व्यायामशाळेत. क्लब स्थापना धरतो बैठकीच्या दिवसाची, जाहिरातीच्या नव्हे. बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक क्लब मात्र उलट जातो. त्यांची रीतसर सभा कॅफे गार्सियामध्ये १९०१ साली झाली, पण क्लब आपलं वर्ष १८९८ मानतो, कारण खेळणाऱ्यांचा गट तेव्हापासूनचा. दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ती सरमिसळ: पहिल्या रकान्यातलं वर्ष घ्यायचं आणि त्यापुढे दुसऱ्या रकान्यातल्या पदाधिकाऱ्यांची नावं छापायची. आपल्याकडच्या स्मरणिकांत ही चूक सर्रास दिसते. '१९४८ चे संस्थापक' म्हणून जी नावं असतात ती खरं तर नोंदणी अर्जावर सही करणाऱ्यांची असतात, आणि त्यातले दोघे १९४८ साली जन्मलेलेही नसतात.

खेळ मध्ये बंद पडला असेल तर तेही लिहा. पोर्तुगालचा पोर्तो क्लब १९८८ पर्यंत आपलं वर्ष १९०६ सांगत होता. पुढे १८९३ चे पुरावे मान्य झाले आणि वर्ष मागे गेलं. मधली काही वर्षं क्लब जवळजवळ निद्रिस्त होता, ही गोष्ट त्यांच्या इतिहासात लपवलेली नाही. तुमच्या संघातही ७२ च्या दुष्काळात किंवा मैदान गेल्यामुळे पाच-सहा वर्षं खेळ थांबला असेल, तर तो खंड इतिहासाचाच भाग आहे.

पहिली झडती: मंडळाचं कपाट

सुरुवात वाचनालयातून करू नका. आधी मंडळाचं कपाट, मग माजी सेक्रेटरी आणि खजिनदारांची घरं. खजिनदाराचं घर जास्त महत्त्वाचं. अध्यक्षाकडे हार-तुऱ्यांचे फोटो असतात, खजिनदाराकडे पावत्या असतात, आणि तारीख पावतीवर असते.

शोधायच्या वस्तू: प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्ताची वही), वर्गणीची पावती पुस्तकं (वापरलेली, स्थळप्रतीसह), रोजकीर्द, स्पर्धेच्या एंट्री फीच्या पावत्या, हँडबिलं, निमंत्रणपत्रिका, जर्सी आणि बुटांची बिलं, नगरपालिकेला भरलेल्या मैदानभाड्याच्या पावत्या, ग्रुप फोटो, ढाली आणि चषक.

प्रोसिडिंग बुक मिळालं तर पहिल्या पानावर समाधान मानू नका. पुष्कळदा जुनी वही भरल्यावर किंवा हरवल्यावर नवी सुरू झालेली असते, आणि पहिल्याच ठरावात 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले' असं असतं. हे वाक्य दिसलं की समजा, यापूर्वी निदान एक सभा आणि बहुधा एक वही होती.

या वहीची किंमत काय, हे शेफील्डवरून कळतं. शेफील्ड फुटबॉल क्लब २४ ऑक्टोबर १८५७ चा. नॅथॅनिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या दोघांनी तो उभा केला आणि आज जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून तो मानला जातो. त्याआधी इंग्लंडात कुणी फुटबॉल खेळतच नव्हतं, असं नाही. शेफील्डकरांकडे कागद टिकला, त्यात १८५८ च्या नियमांचा हस्तलिखित मसुदाही होता. २०११ साली लंडनमध्ये हा कागदसंग्रह लिलावात ८,८१,२५० पौंडांना गेला. आपल्या वहीला असा भाव येणार नाही, पण धडा लागू आहे: मूळ कागद कुणालाही, अगदी आमदारांच्या कार्यालयातल्या प्रदर्शनालाही देण्याआधी पानन् पान स्कॅन करून ठेवा.

ढाली-चषकांबाबत एक सूचना. समारंभ जवळ आला की पोरं चषक पितांबरी लावून घासायला घेतात. कोरीव अक्षरं आधीच झिजलेली असतात, ती घासण्याने आणखी झिजतात. आधी खोली अंधारी करा, मोबाइलचा टॉर्च चषकाच्या अगदी बाजूने, जवळजवळ समांतर धरा आणि फोटो काढा. सावली पडून समोरून न दिसणारी अक्षरं उठून दिसतात. सपाट ढालीवर पातळ कागद ठेवून वरून आडवी धरलेली मऊ पेन्सिल फिरवली तरी ठसा उमटतो. आणि लक्षात ठेवा: चषकावरचं वर्ष त्या स्पर्धेचं असतं. 'स्थापना १९३६' असं कोरलेलं असेल तर ती बहुधा चषक देणाऱ्या पेढीची किंवा आयोजक मंडळाची स्थापना.

नोंदणीचे कागद काय सांगतात, काय सांगत नाहीत

संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदणीला किमान सात सभासद लागतात, आणि आपल्याकडची बहुतेक मंडळं त्याचबरोबर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदलेली असतात. सांगली आणि सातारा, दोन्हीकडे धर्मादाय आयुक्तांचं जिल्हा कार्यालय आहे. मंडळाचा नोंदणी क्रमांक घेऊन तिथे नक्कल अर्ज द्या आणि तीन गोष्टी मागा: परिशिष्ट एकचा (विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीतल्या आपल्या नोंदीचा) उतारा, मूळ घटना व उद्देशपत्र, आणि आजवरचे सगळे बदल अर्ज.

तिसरी गोष्ट लोक मागतच नाहीत. विश्वस्त बदलले की १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. ज्या मंडळाने हे नीट केलंय, त्याच्या अर्जांच्या माळेतून कुठल्या वर्षी कोण अध्यक्ष, कोण सेक्रेटरी, ही यादी जवळजवळ तयार मिळते. नोंदणी क्रमांक हरवला असेल तर कार्यालयात नावावरून शोध घ्यावा लागतो. त्यासाठी मंडळाची जुनी नावं आणि पत्त्यातले बदल आधी लिहून न्या, नाहीतर हेलपाटा होतो.

आता मर्यादा. १९५० चा कायदा येण्याआधी त्याखालचा क्रमांक असूच शकत नाही, त्यामुळे हा कागद स्थापनेचा पुरावा नव्हे. घटनेत 'संस्थेची स्थापना अमुक साली झाली' असं वाक्य असेल, तर ते अर्जदाराने स्वतः सांगितलेलं असतं. कार्यालयाने ते तपासलेलं नसतं.

नोंदणी आणि जन्म यांत किती अंतर असू शकतं? स्पेनच्या सेव्हिया क्लबची नोंद १९०५ ची. शंभराहून अधिक वर्षं तेच स्थापना-वर्ष. पुढे स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या 'डंडी कुरिअर' या पत्राचा १७ मार्च १८९० चा अंक उजेडात आला. सेव्हियात राहणाऱ्या तरुणांनी, त्यांत स्कॉटिश बरेच, २५ जानेवारी १८९० ला एका कॅफेत जमून फुटबॉल क्लब काढला, असा सविस्तर मजकूर त्यात होता. कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या जयंतीची ती रात्र. क्लबचं वय एकदम पंधरा वर्षांनी वाढलं, आणि पुरावा निघाला स्पेनबाहेर, खेळाडूंच्या मूळ मुलखात.

दुसऱ्या गावचं वर्तमानपत्र बघा

सेव्हियाची ही युक्ती आपल्याला तंतोतंत लागू पडते. मिरजेचा संघ मिरजेत सराव करत होता तेव्हा त्याची बातमी कुणी छापली नाही. तो कोल्हापूरला, गडहिंग्लजला किंवा बेळगावला स्पर्धेत उतरला तेव्हा तिथल्या पत्रात 'मिरज संघाने चुरशीची लढत दिली' अशी दोन ओळींची बातमी आली. तेव्हा आधी आपला संघ कुठे कुठे खेळायला जायचा याची यादी करा आणि त्या गावांची वर्तमानपत्रं धरा. कोल्हापूरसाठी 'पुढारी' आणि 'सत्यवादी', पुण्यासाठी 'केसरी' आणि १९३२ पासून 'सकाळ', साताऱ्यासाठी 'ऐक्य'. साताऱ्याचं आणि सांगलीचं नगरवाचनालय, कोल्हापूर-पुण्यातली जुनी ग्रंथालयं इथे विचारणा करा. ग्रंथपालांना 'जुने पेपर बघायचे आहेत' असं सांगू नका. 'डिसेंबर १९५३ ते मार्च १९५४ ची फाइल हवी' असं सांगा.

चाळताना शोधायचं नाव एकाच रूपात डोक्यात ठेवू नका. बार्सिलोनाच्या त्या पहिल्या सूचनेत गॅम्परचं नाव 'कान्स कांपर' असं छापलं होतं. जुन्या मराठी पत्रांत आपल्या संघाचं नाव मंडळाच्या नावाने, गल्लीच्या नावाने, गावाच्या नावाने किंवा कप्तानाच्या आडनावाने, 'अमक्यांची टीम', असंही येतं. चारही रूपं कागदावर लिहून समोर ठेवा. बातमी सापडली की पहिला फोटो मथळा आणि तारखेसह अख्ख्या पानाचा, दुसरा फक्त बातमीचा. पान क्रमांक आणि रकाना तिथल्या तिथे लिहा. नुसती कात्रणं फोटोत घेऊन घरी आलात तर तारीख नसलेली बातमी हातात राहते, आणि ती कुचकामी.

गावात कारखाना किंवा मोठी संस्था असेल तर तिचं नियतकालिक पाहा. लंडनच्या वेस्ट हॅमचं मूळ १८९५ च्या थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याच्या संघात आहे, आणि क्लब निघाल्याची बातमी कारखान्याच्याच गॅझेटमध्ये छापलेली आहे. आपल्याकडे किर्लोस्करवाडीतून १९२० पासून 'किर्लोस्कर खबर' निघत होतं. कामगारांच्या खेळांची बातमी अशा अंकांत येण्याचा संभव मोठा. विलिंग्डनसारख्या, १९१९ पासून चालत असलेल्या कॉलेजांची आणि जुन्या हायस्कुलांची वार्षिकं याच कामाची, कारण गल्लीतला संघ बहुधा शाळेच्या संघातूनच फुटून निघालेला असतो.

सरकारी दप्तरात शिरताना भूगोल सांभाळा. सांगली आणि मिरज १९४८ पर्यंत संस्थानं होती. तासगाव, वाळवा, खानापूर हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे १९४५ चा तासगावचा कागद 'सांगली जिल्हा' या शब्दांखाली शोधलात तर मिळणार नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एक महापालिका झाली ती १९९८ मध्ये, त्यामुळे मैदानाचे जुने ठराव त्या-त्या नगरपालिकेच्या दप्तरात शोधायचे. पुरालेखागाराची कार्यालयं पुण्यात आणि कोल्हापुरात आहेत.

तारीख नसलेल्या कागदाचं वय

कागदावर तारीख नसली तरी खुणा असतात. रक्कम रुपये-आणे-पै मध्ये असेल तर कागद बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, किंवा त्या संक्रमणाच्या लगतचा. 'नवे पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचा. लेटरहेडवर सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचाच. 'मुंबई राज्य' छापलेलं असेल तर १ मे १९६० पूर्वी छापलेलं, पण जपून: मंडळं छापील कागद संपेपर्यंत वापरतात, म्हणून ही छपाईची मर्यादा समजा, लिहिण्याची नव्हे.

शके असेल तर ७८ मिळवा. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. शके १८६९ चा श्रावण म्हणजे १९४७, पण त्याच शकाचा माघ म्हणजे १९४८. संस्थानी कागदांत फसली साल, म्हणजे महसुली वर्ष, असतं. त्यात साधारण ५९० मिळवायचे, आणि ते वर्ष जूनमध्ये, मृगाला बदलतं, म्हणून जानेवारी ते मे साठी ५९१. 'दसऱ्याच्या मुहूर्तावर स्थापना' असा उल्लेख असेल तर त्या वर्षाच्या पंचांगातून इंग्रजी तारीख काढा आणि दोन्ही छापा.

सणाच्या दिवसाची स्थापना दिसली की थोडं सावध व्हा. ब्राझीलचा फ्लामेंगो १७ नोव्हेंबर १८९५ ला निघाला, तोही होड्या वल्हवण्याचा क्लब म्हणून. वाढदिवस मात्र १५ नोव्हेंबरला, कारण तो तिथला प्रजासत्ताक दिन. फुटबॉल तर त्यांच्याकडे १९११ मध्ये आला. आपल्याकडे १५ ऑगस्ट, शिवजयंती आणि गुढीपाडवा या दिवशी स्थापन झालेल्या मंडळांची संख्या पाहता, काही तारखा नंतर सोयीने धरलेल्या असणार. अर्थात कोलकात्याचं मोहन बागान खरोखरच १५ ऑगस्टचं आहे, पण १८८९ च्या.

जुन्या खेळाडूंशी बोलताना

'आबा, क्लब कुठल्या साली निघाला?' हा प्रश्न विचारूच नका. आबा स्मरणिकेत वाचलेलंच वर्ष सांगतील. त्याऐवजी एका मोठ्या कागदावर मैदान काढा, त्यावर त्या काळच्या रचनेप्रमाणे अकरा जागा मांडा: गोलात एक, दोन फुलबॅक, तीन हाफ, पुढे पाच फॉरवर्ड. मग विचारा, 'गोलात कोण असायचं? राइट आउटला कोण पळायचं? सेंटर हाफ कोण?' प्रत्येक नाव चिठ्ठीवर लिहून जागेवर ठेवा. नाव आठवलं नाही तर जागा रिकामी ठेवून पुढे जा. सात-आठ चिठ्ठ्या पडल्या की उरलेल्या आपोआप आठवतात, आणि नावाबरोबर 'तो रेल्वेत लागला म्हणून नंतर आला नाही' असा तपशील निघतो. तो तपशील सोनं आहे, कारण नोकरीला लागल्याची तारीख त्या घरात कागदावर मिळते.

वर्ष ठरवायला खुंट्या वापरा. आपल्या भागात सगळ्यांत भक्कम खुंटी म्हणजे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. 'भूकंप झाला तेव्हा तुम्ही क्लबकडून खेळत होता का?' याचं उत्तर पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस ठामपणे देतो. त्याआधीसाठी गांधीवध आणि त्यानंतरची जाळपोळ, प्रतिसरकारचा काळ. नंतरसाठी ७२ चा दुष्काळ, आणीबाणी. दोन खुंट्यांच्या मध्ये घटना बसवली की वर्षाची कक्षा चार-पाचवर येते.

दोन जुन्या खेळाडूंना एकत्र बसवायचं ते दुसऱ्या भेटीत. पहिली भेट एकेकट्याची, नाहीतर कप्तान बोलतो आणि बाकीचे मान हलवतात. फोनवर ध्वनिमुद्रण करा, सुरुवातीला तारीख, ठिकाण, नाव आणि त्यांची परवानगी बोलून घ्या. बोलणं संपल्यावर घरातल्या आजींशीही बोला. रंग, शिवण, जर्सी कुठे शिवली, हे पुष्कळदा त्यांनाच ठाऊक असतं.

रंगांच्या कथा विशेष तपासा, कारण त्या गोड असतात आणि म्हणून टिकतात. अर्जेंटिनाचा बोका ज्युनियर्स ३ एप्रिल १९०५ चा. निळा-पिवळा रंग बंदरात आलेल्या स्वीडनच्या जहाजाच्या झेंड्यावरून घेतला, असं तिथे सांगतात. युव्हेंटस १८९७ मध्ये ट्युरिनच्या शाळकरी पोरांनी काढला आणि सुरुवातीला गुलाबी जर्सीत खेळला. काळे-पांढरे पट्टे १९०३ मध्ये इंग्लंडातल्या नॉट्स काउंटीकडून आले, जॉन सॅव्हेज या खेळाडूच्या ओळखीतून. आपल्याकडचा रंग कापडदुकानात त्या दिवशी जो स्वस्त मिळाला तो असेल, तरी तो लिहा. कापडाचं बिल मिळालं तर छापा.

पुरातून निघालेले कागद

सांगलीत हा भाग वगळून चालणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात गावभागासारख्या वस्त्यांतली कपाटंच्या कपाटं पाण्यात गेली. भिजलेली वही मिळाली तर पानं सोडवण्याची घाई करू नका, ओली पानं फाटतात. वही आडवी, आधार देऊन उचला. चिखल असेल तर बंद वहीच स्वच्छ पाण्यात हलकेच धुवा, शाई विरघळताना दिसली तर लगेच थांबा. मग दर आठ-दहा पानांमागे टीपकागद किंवा साधा पांढरा टिश्यू घाला, पंख्याखाली ठेवा, कागद ओला झाला की बदला. उन्हात ठेवू नका. पानं आकसतात आणि शाई उडते. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, म्हणून एवढ्या वेळात जमणार नसेल तर वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. आइस्क्रीमवाल्याचा फ्रीझर चालतो. नंतर एकेक काढून सावकाश वाळवता येते.

फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. आधीच वाळून एकजीव झालेली वही घरी उघडू नका, कागद-संवर्धन जाणणाऱ्याकडे न्या.

स्कॅन सहाशे डीपीआयवर, फोटोच्या मागची बाजूही, कारण स्टुडिओचा शिक्का तिथे असतो. फाइलला नाव देताना वर्ष आधी, मग वस्तू, मग कुणाकडून मिळाली ते. लॅमिनेशन आणि सेलोटेप पूर्ण वर्ज्य. मूळ कागद धुतलेल्या सुती रुमालात बांधून ठेवले तरी पुष्कळ टिकतात. आपली जुनी दप्तरं तशीच टिकली आहेत.

भांडण झालं असेल तर

बहुतेक क्लब भांडणातून निघतात, आणि स्मरणिकेत नेमकं तेच गाळलं जातं. लिव्हरपूल १८९२ मध्ये जन्मला तो एव्हर्टनचं मैदानाच्या भाड्यावरून मैदानमालक जॉन हाउल्डिंग यांच्याशी बिनसलं आणि एव्हर्टन अ‍ॅनफिल्ड सोडून गेला म्हणून. कोलकात्याचा ईस्ट बंगाल तर चार दिवसांत उभा राहिला. २८ जुलै १९२० ला जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात आपले खेळाडू शैलेश बोस यांना वगळलं, क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी त्या रागाने बाहेर पडले आणि १ ऑगस्टला नवा क्लब निघाला. शंभर वर्षं झाली, कुणाला लाज वाटत नाही.

तुमच्या तालमीतून दोन संघ झाले असतील तर दोन्ही बाजूंच्या माणसांशी बोला, फुटीचं कारण एका वाक्यात लिहा, विशेषणं टाळा. आणि मूळ वर्षावर हक्क कुणाचा, हा निकाल तुम्ही देऊ नका. उरुग्वेत हा वाद आजही चालू आहे. मॉन्टेव्हिडिओच्या रेल्वे कामगारांचा क्रिकेट क्लब २८ सप्टेंबर १८९१ ला निघाला. १९१३ मध्ये त्याचा फुटबॉल विभाग वेगळा होऊन पेन्यारोल झाला. पेन्यारोल म्हणतो आमचं वर्ष १८९१. १८९९ साली निघालेला नासिओनाल म्हणतो, तुमचं १९१३, म्हणजे थोरले आम्ही. नाव बदललं तेव्हा सभासद, मैदान, रंग आणि कर्ज यांतलं काय नव्या नावाकडे आलं, हे चार प्रश्न विचारून उत्तरं छापा. वाचक काय ते ठरवतील.

नावबदलाचं कारणही नोंदवा. मोहन बागान आधी 'स्पोर्टिंग क्लब' होता. प्रा. रो यांनी वर्धापनदिनी विचारलं की इथे शिकार, मासेमारी असं काही चालतं का. नाही म्हटल्यावर त्यांच्या सूचनेवरून 'अ‍ॅथलेटिक क्लब' झालं. एवढासा प्रसंग, पण क्लबचं नाव त्याने ठरवलं.

छापताना

प्रत्येक विधानापुढे दर्जा लावा. त्याच काळी तयार झालेला कागद असेल तर 'अ'. नंतरच्या कागदात मागचा उल्लेख असेल तर 'ब'. फक्त आठवण असेल तर 'क'. मुखपृष्ठावरचं वर्ष 'अ' दर्जाचंच असावं. ते शक्य नसेल, तर 'परंपरेनुसार १९४८. पहिला उपलब्ध कागद १९५२' असं सरळ लिहा. इंग्लंडचा स्टोक सिटी १८६३ सांगतो, तर भक्कम समकालीन पुरावा १८६८ चा आहे. इटलीच्या मिलान क्लबच्या बाबतीत वर्ष १८९९ पक्कं, पण १३ डिसेंबर की १६ डिसेंबर, अशा दोन तारखा चालतात. एवढ्या मोठ्या क्लबांना हे चालतं, तर आपल्याला दोन आकडे छापायला संकोच कशाला?

स्थापनेचं पान एकच ठेवा आणि त्यात एवढं बसवा: पाच रकान्यांतल्या तारखा, बैठकीची जागा (आज तिथे काय आहे ते सांगून), हजर असलेल्यांची पूर्ण नावं, नाव आणि रंग कसे ठरले, पहिली वर्गणी किती, पहिला चेंडू कुठून आणला, पहिला सामना कुणाशी आणि निकाल काय. ज्या रकान्यात काही मिळालं नाही तो रिकामा छापा आणि खाली 'माहिती असल्यास कळवावे' अशी ओळ टाका. स्मरणिका घरोघर गेली की महिन्याभरात कुणाच्या तरी ट्रंकेतून पावती निघतेच.

आणि ज्यांचा क्लब यंदाच निघतोय त्यांनी पहिल्या बैठकीतच हे पान भरावं. हजर असलेल्या प्रत्येकाची सही, तीही बॉलपेनने, मार्कर किंवा जेलपेनने नको, कारण ते पाण्यात पसरतं. तीन प्रती करा: एक सेक्रेटरीकडे, एक नगरवाचनालयात पोच घेऊन, आणि एक अशा सभासदाकडे ज्याचं घर पूररेषेच्या वर आहे.